उतरल्यावर पुढे

“ताई, म्हातार्डीला एक गाळा मिळतोय. बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन तिथंच होतंय. टोकन देऊन ठेवू का?”

मावसभावाचा फोन. तो डोंबिवलीत असतो. औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत प्रयोगशाळा असतात, तिथले वजनकाटे, ओव्हन, पीएच मीटर तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट द्यायचं, हा त्याचा व्यवसाय. गिऱ्हाईक बहुतेक वापी, अंकलेश्वर, वडोदरा या पट्ट्यातलं. हाताखाली सहा पोरं. पाच डोंबिवलीच्या ऑफिसातून काम करतात आणि एक अंकलेश्वरला. तिथं त्याचं एका खोलीचं ऑफिस आहे. डोंबिवलीची पोरं पहाटे चारला उठून निघतात आणि रात्री परतीच्या गाडीतून उभ्यानं घरी येतात.

त्यानं मला विचारलं, कारण मी २००६ पासून आठ वर्षं जपानमध्ये शिन-योकोहामाला नोकरी केली आणि माझं ऑफिस बुलेट ट्रेनच्या स्टेशनापासून पायी सहा मिनिटांवर होतं. घरात या विषयातली जाणकार मीच, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, “टोकनाची घाई करू नकोस. आधी आपण दोघं जाऊन बघू.” फोन ठेवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. स्टेशन होणार म्हटल्यावर भोवती धंदा येणारच, असं आपण किती सहज धरून चालतो! मी जी स्टेशनं पाहिली त्यांतल्या काहींच्या भोवती शहर उभं राहिलं, आणि काहींच्या भोवती साठ वर्षांनंतरही वाहनतळच आहेत.

या विषयाचा पहिला धडा मला ओगलेवाडीत मिळाला. माझं आजोळ तिथलं. कराडला रेल्वेनं जाणाऱ्यांना ठाऊक असेल, कराड स्टेशन कराडात नाही. गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर आणि स्टेशन कृष्णेच्या पलीकडे, पाचेक किलोमीटरवर. त्या स्टेशनाशेजारी १९१६ साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. ज्यांच्या घरी प्रभाकर कंदील होता, त्यांनी ओगलेवाडीची काच हातात धरलेली आहे. माझे आजोबा पॅकिंग खात्यात होते. कंदिलाच्या काचा पेंढ्यात बसवून खोकी बंद करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कारखाना गावात का नाही काढला, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, “अगं, काचेला बैलगाडीतले पाच कोस म्हणजे रेल्वेतले पाचशे. गावात कारखाना काढला असता तर निम्मा माल स्टेशनावर पोचायच्या आतच फुटला असता.”

पुढे मोठी झाल्यावर कळलं, की त्या मीटरगेजच्या रुळांनी दक्षिण महाराष्ट्रात अशा किती जागा ठरवल्या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या ओसाड माळावर कारखाना उभा केला, तो कुंडल रोड स्टेशनालगत. पुढे त्या स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि चारच वर्षांनी शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाचे रवे गाडीत चढायला सोपे जावेत अशीच ती जागा होती. या सगळ्या गोष्टींत रेल्वे माल वाहत होती. कोळसा आत यायचा, नांगर बाहेर जायचे. ज्याचा माल जड किंवा ठिसूळ, तो रुळांच्या जवळ बसायचा. माणूस काय, टांग्यानंही आला असता.

शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, मुळात मालासाठी नाही. ती माणसं वाहते. वाक्य साधं आहे, पण त्यामागचा फरक समजायला मला शिन-योकोहामातली दोन-तीन वर्षं लागली.

‘शिन’ म्हणजे नवं. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, टोकियो ते शिन-ओसाका हा ५१५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर दोन्ही टोकं धरून १२ स्टेशनं होती. आपल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर, आणि स्टेशनंही १२. हे आकडे मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. त्या बारांपैकी काही स्टेशनं जुन्या शहरांच्या पोटात शिरली: टोकियो, नागोया, क्योतो. काही मात्र शहराबाहेर गेली, कारण वेगाला सरळ रूळ लागतात आणि सरळ रूळ भरवस्तीतून नेणं महाग पडतं. मूळ योकोहामा स्टेशन समुद्राच्या बाजूला, दाट वस्तीत. नवी गाडी तिथं वळवायची नव्हती. म्हणून कित्येक किलोमीटर आत, जिथं एक जुनी लोकल लाइन भातखाचरांमधून जात होती, तिथं दोन्ही रूळ एकमेकांना ओलांडतात त्या जागी स्टेशन बांधलं. आमच्या ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत त्या काळातला एक फोटो लावलेला होता: पांढरी-निळी गाडी, आणि भोवती नुसता चिखल.

मी गेले तेव्हा त्याच जागी काचेच्या इमारती होत्या, १७ हजार माणसं मावतील असं बंदिस्त क्रीडागृह होतं, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झालेलं स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि रामेनच्या दुकानांचं एक अख्खं संग्रहालय होतं. मला वाटलं, स्टेशन आलं आणि हे सगळं आपोआप उगवलं. आमचे विभागप्रमुख त्याच भागात वाढलेले. ते म्हणाले, “वीस वर्षं इथं काहीच नव्हतं. मी शाळेतून घरी जाताना बेडूक पकडायचो.”

वीस वर्षं! भावाला हाच आकडा आधी सांगायला हवा होता.

सुरुवातीला तिथं फक्त सगळीकडे थांबणारी कोदामा थांबायची. हिकारी ही वेगवान गाडी धडधडत निघून जायची. १९७६ मध्ये काही हिकारी थांबू लागल्या. मग १९८५ मध्ये शहराची भुयारी रेल्वे शिन-योकोहामापर्यंत आली, आणि मूळ योकोहामाच्या माणसाला नव्या स्टेशनावर पोचणं सोपं झालं. इमारती उठू लागल्या त्या त्यानंतर. क्रीडागृह १९८९ चं, रामेनचं संग्रहालय १९९४ चं. १९९२ मध्ये नोझोमी ही सर्वांत वेगवान गाडी आली, तेव्हा पहाटे सहाला टोकियोहून सुटणारी तिची पहिली फेरी शिन-योकोहामाला थांबायची आणि नागोया, क्योतो ही दोन्ही मोठी शहरं न थांबता ओलांडून साडेआठला ओसाकाला पोचायची. नऊच्या मीटिंगला माणूस हजर राहावा, यासाठीची ती गाडी. नागोयाचे लोक खूप चिडले होते. पण एकेकाळी बेडकांचं असलेलं ते गाव त्या दिवशी केवढं मोठं झालं असेल! मी तिथं असताना, २००८ च्या मार्चपासून, प्रत्येक नोझोमी आमच्याकडे थांबायला लागली. ऑफिसात कुणीतरी नवं वेळापत्रक मोठं करून भिंतीवर चिकटवलं होतं.

आमची कंपनी लहान होती. मोटारींच्या सुट्या भागांत जे इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं आणि ते तपासायचं, हे आमचं काम. ग्राहक नागोयाच्या बाजूचे, हामामात्सूचे. शिन-योकोहामाहून नागोया सुमारे ८० मिनिटं. सकाळी आठच्या गाडीत बसायचं, दहाला ग्राहकाकडे, संध्याकाळी सातला परत आपल्या खुर्चीत. जपानीत याला ‘हिगाएरी’ म्हणतात, त्याच दिवशी परत. माझ्यासोबत एक बॅग असायची, तीत लॅपटॉप, तपासणीचं यंत्र, आणि उशीर झालाच तर खायला घरचे दोन पराठे. कंपनीचा माल म्हणजे मीच होते. आजोबांच्या पेंढ्यातल्या काचेसारखी मीही गाडीत चढत होते.

स्टेशनाजवळ कोण येऊन बसतं, याचं उत्तर मला तिथं मिळालं. ज्यांना माणसं पाठवावी लागतात, तेच येतात: दुरुस्तीचे इंजिनिअर, विक्रीची माणसं, सल्लागार, प्रशिक्षण देणारे. आमच्या इमारतीतली नावं वाचली तर बहुतेक सगळे याच जातीचे. टोकियोपेक्षा भाडं कमी, आणि पश्चिमेकडच्या ग्राहकाकडे जायला टोकियोपेक्षा पंधरा-वीस मिनिटं कमी लागतात. कारखाना मात्र कुणी तिथं आणला नाही. त्याला हवा ट्रकचा रस्ता आणि स्वस्त जमीन. शिनकानसेनच्या दारात बसून त्याला काय मिळणार?

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते स्टेशनाच्या मागच्या दारानं.

शिन-योकोहामाच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की रुंद रस्ते, चौकोनी गट, हॉटेलं, ऑफिसं. दक्षिणेच्या दारातून, शिनोहारा नावाच्या बाजूनं, बाहेर पडलं की एक अरुंद गल्ली, जुनी घरं, कोबीचे वाफे आणि एखादं फळांनी लगडलेलं काकीचं, म्हणजे जपानी पर्सिमनचं, झाड. मधे फक्त फलाट. गाडी तीच, वेळ तीच, टोकियोचं अंतर तेच! पहिल्यांदा त्या बाजूला गेले तेव्हा मी चुकीच्या स्टेशनावर उतरले की काय असं वाटलं.

फरक होता जमिनीच्या तुकड्यांचा. उत्तरेकडे भूपुनर्रचना झाली. सगळ्या मालकांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा रस्त्यांना, उद्यानांना दिला, वेडेवाकडे तुकडे एकत्र करून नीट चौकोनी आखले, आणि प्रत्येकाला आधीपेक्षा लहान पण रस्त्याला लागलेला तुकडा परत मिळाला. दक्षिणेकडे तशीच योजना आली, पण रहिवाशांनी ती मान्य केली नाही, आणि ती मागे पडली. त्यांचा मला राग येत नाही. आपल्या परसातला काकी कुणाच्या ऑफिससाठी का तोडावा? पण धंदेवाल्यांनी मात्र आपलं उत्तर दिलं: जिथं गाडी वळवायला रस्ता नाही, तिथं ते गेले नाहीत. गुजरातेत नगररचना योजनेत असंच जमीन एकत्र करून पुन्हा वाटतात. आपल्याकडे मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून नगर वसवलं, तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं, स्टेशन नसताना. म्हातार्डीच्या गाळ्याबद्दल मी भावाला पहिला प्रश्न विचारला तो यावरूनच: “समोरचा रस्ता किती मीटरचा?” त्यानं सांगितलं, “होईल म्हणतात मोठा.”

गिफू-हाशिमाची गोष्टही त्याला सांगायची आहे, कारण तिथं मी स्वतः फसले. ओगाकी नावाच्या गावाजवळ आमचा एक ग्राहक होता. नकाशात पाहिलं तर शिनकानसेनचं सर्वांत जवळचं स्टेशन गिफू-हाशिमा. मी मोठ्या आत्मविश्वासानं तिथं उतरले. बाहेर आले तर समोर चौक, चौकात एका पुढाऱ्याचा आणि त्यांच्या पत्नीचा पुतळा, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत भाड्यानं गाड्या लावायची मैदानं. पुतळा ओनो बानबोकु यांचा. आपल्या मुलुखासाठी त्यांनी वजन खर्ची घालून हे स्टेशन मिळवलं, असं लोक सांगतात. रेल्वेची स्वतःची कारणंही होती: सेकिगाहाराच्या खिंडीत बर्फ पडला तर गाडी थांबवायला मधे जागा हवी होती. कारण काहीही असो, १९६४ ते १९८२ अशी १८ वर्षं या स्टेशनाला दुसरी कोणतीही रेल्वे जोडलेली नव्हती. मग एक छोटी खासगी लाइन आली. पण तोवर सगळ्यांना नागोयाची सवय लागली होती. माझ्या टॅक्सीचं बिल पाहून ग्राहकाकडची बाई हळूच म्हणाली, “पुढच्या वेळी नागोयाला उतरा. तिथून साध्या गाडीनं अर्ध्या तासात ओगाकी. आम्ही सगळे तसंच येतो.” त्यानंतर मी गिफू-हाशिमाला कधीच उतरले नाही. जवळचं स्टेशन हाताशी असून मी लांबचं निवडत होते. गिफू-हाशिमाला नोझोमी थांबतच नाही, आणि थांबणारी गाडी चुकली तर पुढची बराच वेळ नाही. ज्याला दिवसात दोन ग्राहक गाठायचे आहेत तो ऑफिस उघडताना अंतर बघत नाही. गाडी चुकली तर पुढची कधी, हे बघतो.

मुंबई-अहमदाबाद मार्गावर वेगवान गाडी मोजकीच स्टेशनं घेऊन सुमारे दोन तासांत जाईल आणि सगळीकडे थांबणारी जवळजवळ तीन तास घेईल, असं नियोजन आहे. महाराष्ट्रात चार स्टेशनं: मुंबई, ठाणे, विरार, बोईसर. माझ्या मते गाळ्याच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ याच्याऐवजी ‘दिवसात इतक्या गाड्या थांबतात’ असं छापलं पाहिजे. पण तो आकडा आज कोण देणार?

आता एक अशी गोष्ट, जी भावाला सांगावी की नाही यावर मी बरेच दिवस घुटमळले.

नागानोच्या डोंगरात कोमोरो नावाचं जुनं किल्ल्याचं गाव आहे. टोकियोहून येणारी ‘आसामा’ ही एक्स्प्रेस तिथं थांबायची. १९९७ च्या ऑक्टोबरात नागानोकडे शिनकानसेन सुरू झाली, ती कोमोरोला न जाता शेजारच्या साकूच्या भातशेतातून गेली. तिथं साकुदायरा नावाचं कोरं स्टेशन झालं. तिथून जाणारी जुनी कोउमी लाइन शिनकानसेनच्या डोक्यावरून नेली आहे. लोकल वर आणि बुलेट ट्रेन खाली, असं दृश्य फार क्वचित दिसतं. दोन वर्षांत तिथं मोठा मॉल आला, मग मोठ्या रस्त्यालगतची दुकानं, हॉटेलं. आणि कोमोरोची एक्स्प्रेस बंद झाली. मी कोमोरोला एका शरद ऋतूत गेले होते. किल्ल्याच्या बागेत पानं लाल झाली होती, आणि स्टेशनासमोरच्या चढावरच्या रस्त्यावर कितीतरी दुकानांची शटरं खाली होती. एका सुरू असलेल्या मिसोच्या दुकानात म्हातारबुवा होते. गिऱ्हाईक कुठं गेलं, असं मी विचारलं नाही. त्यांनीच बोट दाखवलं, साकूच्या दिशेनं.

त्याच मार्गावर डोंगरापलीकडे योकोकावा. हे नाव मी विसरूच शकत नाही, कारण तिथं मला कर्जत भेटलं. उसुई घाटात दर १५ मीटरला १ मीटर चढ. गाडीला मागून जास्तीची इंजिनं जोडावी लागायची, आणि ती योकोकावाला जोडायची. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरत आणि मातीच्या छोट्या भांड्यात भरलेला गरम भात विकत घेत. १९५८ पासून तो भात तिथं विकला जातोय. बोरघाट चढायला कर्जतला इंजिन लागायचं आणि तेवढ्यात फलाटावर वडे संपायचे, हे ज्यानं अनुभवलं आहे त्याला मी आणखी काय सांगू? एका थांब्यानं एक धंदा जन्माला घातला होता. शिनकानसेननं डोंगर बोगद्यातून पार केला, योकोकावा ते करुइझावा हा घाटातला रूळ बंद झाला, आणि थांबाच गेला. भातवाले मात्र टिकले, कारण त्यांनी कितीतरी आधीच, १९६० च्या दशकात, हमरस्त्यावर दुकान काढलं होतं. गाडीवर सगळी भिस्त ठेवली नव्हती.

आणि ओसाका. ते तर मोठं शहर, व्यापाऱ्यांचं. गाडीनं टोकियो जवळ आलं तेव्हा ओसाकाला जास्त धंदा येईल असं वाटलं होतं. पण मोठमोठ्या कंपन्यांची मुख्यालयं हळूहळू टोकियोकडे सरकली. टोकियोत बसून ओसाकाचं काम दिवसात करून येता येतं, मग तिथं अख्खं मुख्यालय कशाला, असा तो हिशेब. एकट्या रेल्वेनं हे केलं असं मी म्हणणार नाही. सरकार, बँका, सगळंच टोकियोत. पण जपानीत यासाठी शब्दच आहे, ‘स्ट्रॉ’चा परिणाम. नळी घातली की पेल्यातलं कुठल्या दिशेला जाणार, हे ओढणाऱ्याच्या दमावर ठरतं. आमच्या कंपनीचंही नागोयाला एक छोटं ऑफिस होतं. मी रुजू झाले त्याच्या आदल्या वर्षी ते बंद केलं होतं. माझं रोजचं जाणं-येणं त्या बंद झालेल्या ऑफिसच्या जागेवर उभं होतं. त्या वेळी मला याचं काहीच वाटलं नव्हतं.

आपल्याकडे याची सर्वांत मोठी परीक्षा हिऱ्यांच्या धंद्यात होईल असं मला वाटतं. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि त्यांचा मोठा व्यवहार मुंबईत होतो. ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांतले व्यापारी २०१० च्या सुमारास बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात आले. सुरतेनं खजोदला त्याहून कितीतरी मोठी इमारत बांधली, ६७ लाख चौरस फुटांची; २०२३ च्या डिसेंबरात तिचं उद्घाटन झालं. पण मुंबईचे व्यापारी तिकडे जायला नाखूश. आता बुलेट ट्रेनचं मुंबईचं स्टेशन बीकेसीतच होतंय, जमिनीखाली, डायमंड बोर्सच्या शेजारच्याच भागात. सुरतेचं स्टेशन मात्र शहराबाहेर अंत्रोलीला, आणि खजोद त्या दिशेलाही नाही. अहमदाबाद आणि वडोदरा इथं नवं स्टेशन जुन्या स्टेशनाच्या डोक्यावर बसतंय. सुरतेला ते सुख नाही. म्हणजे सुरतचा माणूस बीकेसीत उतरला की पायी कामावर. मुंबईचा माणूस अंत्रोलीत उतरला की पुन्हा गाडी शोधा. नळी कुठल्या बाजूनं ओढेल, याचा माझा अंदाज झाला आहे. सुरतेनं अंत्रोली ते खजोद हा प्रवास मेट्रोसारख्या कशानं तरी सोपा केला तर तो चुकेलही, आणि चुकावा अशी माझी इच्छा आहे. तिथल्या कारागिरांच्या मुलांना ऑफिसची नोकरी घरापासून जवळ मिळायला हवी.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं म्हातार्डीला गेलो. दिव्याला उतरलो. रिक्षावाल्याला बुलेट ट्रेनचं काम चाललंय तिथं ने म्हटलं तर त्यानं भाडं आधी ठरवून घेतलं. खाडीची दमट हवा, खारफुटी, पत्र्याचं कुंपण, क्रेन. शिळफाट्यापासून गुजरातच्या हद्दीपर्यंतचे १३५ किलोमीटर बहुतांशी खांबांवरून जाणार आहेत, त्यातलंच हे स्टेशन. भावाच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. रिक्षा तीनदा अडली होती. पावसाळ्यात हाच रस्ता कसा असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

गाळा दाखवणारा मुलगा भला होता, खोटं बोलला नाही. “मोठा रस्ता नकाशात आहे. मेट्रोचंही बोलतात,” एवढंच म्हणाला.

परत येताना दिव्याच्या फलाटावर आम्ही चहा घेतला. भावानं खिशातून कागद काढला. त्यावर त्यानं पोरांच्या घरांचे पत्ते लिहून आणले होते: एक कल्याणला, दोन डोंबिवलीला, एक बदलापूरला, एक भिवंडीला. प्रत्येकाला म्हातार्डीला यायला किती वेळ लागेल, ते तो मला विचारून विचारून लिहीत होता. बदलापूरवाल्याचा हिशेब आजच्यापेक्षा फारसा कमी होईना. तरी तो म्हणाला, “पण ताई, एकदा गाडीत बसले की भरूच दीड-दोन तासांच्या आत. सकाळी जाऊन दुपारपर्यंत दोन लॅब उरकतील. अंकलेश्वर तिथून पलीकडेच.” मग पेन थांबलं. “म्हणजे अंकलेश्वरच्या ऑफिसचं भाडं वाचेल.”

मी काही बोलले नाही. नागोयातल्या, मी कधीही न पाहिलेल्या त्या ऑफिसची मला आठवण झाली.

त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि अंकलेश्वरच्या माणसाचं नाव होतं तिथं बोट ठेवलं. “यानं तिथं घर घेतलंय गं गेल्या वर्षी. बायको तिथल्याच शाळेत लागलीय.” लोकल येत असल्याची घोषणा झाली, लोक पुढे सरकले. तो तसाच बसून होता.

“कर्जाला जामीन मीच आहे,” तो म्हणाला.